साधी गाठ, तरी घाई का?

गेल्या लेखानंतर एका वाचक ताईंचा निरोप आला. त्यांच्या ३२ वर्षांच्या बहिणीचा उजवा हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. बीपी नाही, शुगर नाही. पुढे इको केला तर हृदयात गाठ. ‘कॅन्सरची नाही म्हणतात, मग ऑपरेशनची एवढी घाई कशाला? आणि मीही तपासून घेऊ का?’

डॉक्टर ‘साधी’ म्हणतात ते गाठीच्या पेशींबद्दल. तिच्या जागेबद्दल नाही.

या गाठीचं नाव मिक्सोमा. तशी दुर्मीळच, पण मोठ्या माणसांच्या हृदयातल्या साध्या गाठींत हीच जास्त सापडते. बहुतेक वेळा ती डाव्या कर्णिकेत, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असते. जेलीसारखी लिबलिबीत! दर ठोक्याला हेलकावे खाते आणि कधीतरी तिचा किंवा तिच्यावर साचलेल्या गुठळीचा तुकडा सुटतो. डावीकडून सुटलेला तुकडा महारोहिणीतून मेंदूकडे, पायाकडे, मूत्रपिंडाकडे, क्वचित हृदयाच्याच धमनीत जातो. उजवीकडचा फुफ्फुसात. पहिला तुकडा गेला म्हणजे दुसरा जाणार नाही, असं नसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने गाठ विरघळत नाही, म्हणून घाई.

१९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी हार्ट-लंग मशीन लावून अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. आज देठाबरोबर पडद्याचा थोडा भागही काढतात, म्हणजे मूळ राहत नाही.

कधी कधी मात्र हे प्रकरण ऑपरेशननंतरही संपत नाही. मेंदूच्या धमनीत जाऊन बसलेल्या गाठीच्या पेशी तिथली भिंत पोखरतात आणि धमनीला फुगा येतो, काही वेळा कित्येक वर्षांनी. तेव्हा बहिणीला नवी, जोराची डोकेदुखी झाली तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी बसू नका. (आपल्याकडे सगळं पित्तावर जातं.) आणि पुन्हा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर घड्याळ बघून लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. कोणते उपचार देता येतील, ते पहिल्या काही तासांवर ठरतं.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. हा आजार घराण्यात क्वचितच चालतो. पण बहिणीला कमी वयात झालाय. त्यात तिच्या ओठांवर, पापण्यांवर काळसर ठिपके असतील किंवा गाठी एकाहून जास्त असतील, तर शंका वाढते. इकोला सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम. ताई, करून घ्या.