ओल्या डोंगरांचं ‘वाळवंट’

वेल्सच्या मध्यभागी एलेनिद नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे कुठल्याही ऋतूत जा, बुटात पाणी शिरतंच. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी त्याला ‘वेल्सचं वाळवंट’ म्हटलं, आणि प्रवासवर्णनं आजही ते नाव कौतुकाने मिरवतात. उत्तरेकडच्या अर विद्वा शिखरावर उन्हाळ्यात फोटोसाठी रांग लागते. इथे दिवसभर चालून मला मेंढ्यांखेरीज कोणी भेटलं नाही. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: ‘निर्जन, रिकामं.’ भाषांतर हाच माझा धंदा असल्याने त्या दोन शब्दांची मला आज लाज वाटते.

कारण मुलूख ‘रिकामा’ ठरला की तो घ्यायला सोपा जातो. 1893पासून इथल्या एलान खोऱ्यात बर्मिंगहॅमसाठी धरणं बांधली गेली. शंभरावर माणसं उठवली. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. घरं, शाळा, चर्च पाण्याखाली गेलं आणि 1904मध्ये पाणी सुमारे 118 किलोमीटरवरच्या शहराकडे वाहू लागलं. वाळवंटातून पाणी नेलं, हे कोणाला विचित्र वाटलं नाही! पुढे मध्य वेल्सच्या डोंगरांत चर खणून ओल उपसली गेली आणि परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या गेल्या.

चालणारे मित्र म्हणतात, ‘वाळवंटच म्हणू दे, तेवढीच गर्दी टळेल.’ गर्दी टळते, हे खरं. पण नळ आणि नांगर टळत नाहीत. उलट, त्यांना हटकायला तिथे कोणी नसतं.

आपणही काही कमी नाही. अशा जमिनीला मराठीत आपण ‘दलदल’ लिहून मोकळे होतो. हा शब्द आपण कर्जाला, व्यसनाला, भ्रष्टाचाराला वापरून इतका मळवला आहे की वाचक तिथे पाय ठेवण्याआधीच नाक मुरडतो. वेल्शमध्ये माउन म्हणजे पुरतं न कुजलेल्या शेवाळाचा काळा थर, माउनोग म्हणजे तो जिथे साठतो ती जागा, आणि सिग्लेन म्हणजे पायाखाली हलणारी जमीन. सिग्लेन म्हणजे झोकाही! हा फरक चालणाऱ्याच्या पोटरीला बरोबर कळतो. तो थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कंबरभर खोलीला हजार वर्षं लागतात. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे 3 टक्के भाग अशा थरांनी व्यापलाय, पण त्यांत साऱ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन आहे. चर मारले की तो हवेत जायला लागतो.

हे दूरदेशीचं दुखणं वाटत असेल तर निलगिरी पर्वत आठवा. तिथल्या शोलांच्या आसपासही असे थर आहेत. तिथले गवताळ माळ ब्रिटिशांनी पडीक ठरवले आणि त्यांवर ऑस्ट्रेलियातून आणलेली झाडं लावली. त्यांतल्या एका झाडाला आपण मराठीत काय म्हणतो? निलगिरी! ज्याने माळ गिळला, त्यालाच आपण पर्वताचं नाव देऊन बसलो.

म्हणून भाषांतर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ‘दलदल’, ‘ओसाड’, ‘निर्जन’ लिहिण्याआधी तिथे राहणारे काय म्हणतात ते विचारा. प्रतिशब्द नसेल तर त्यांचाच शब्द मराठीत येऊ द्या. परक्या झाडाला पर्वताचं नाव देणाऱ्या भाषेला ‘माउनोग’ काही जड जाणार नाही.