हिमावर सोडलेला हात

वाचकहो, सातपाटीच्या माणसाने बर्फाविषयी लिहायला घेतले, तर तो बर्फ पापलेटांच्या पेटीतला असणार, असे आपणांस वाटेल. माझीही हयात तोच बर्फ पाहण्यात गेली. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही उभयता अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात मुलीकडे गेलो आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी गाठ पडली. त्या एका दिवसाने माझ्या डॉक्टरकीतील एक जुनी चूक मला दाखवून दिली; म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी मागीलदारी शेवाळावरून पाय घसरून पत्नीचे उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड उत्तम जुळले. बाहेर पडणे मात्र थांबले ते थांबलेच. देवळात जायचे तरी मी तिचा दंड घट्ट धरून चालत असे. बाजार मी करू लागलो, अंगण झाडायला बाई ठेवली. लोक म्हणत, डॉक्टर फार काळजी घेतात. पासष्टीपुढच्या व्यक्तींपैकी साधारण एक तृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, हे मला ठाऊक होते. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी झाली की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो, हेही ठाऊक होते. रुग्णांच्या नातेवाइकांना मी ते सांगतही असे. घरात मात्र दंड सोडवत नव्हता.

मुलीच्या घराजवळ बर्न्सव्हिल येथे बक हिल नावाची टेकडी आहे. महामार्गाला लागूनच. उंची पायथ्यापासून जेमतेम तीनशे फूट. आपल्या काळदुर्गापुढे तिला कोणी टेकडीही म्हणणार नाही. पण १९५४ पासून तेथे स्कीइंग चालते आणि ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी लिंडसे व्हॉन लहानपणी तेथेच शिकली. २०२४ मध्ये गुडघ्याचे अंशतः रोपण करून घेऊन ही बाई चाळिसाव्या वर्षी पुन्हा शर्यतीत उतरली. (गुडघा बदललेल्या वाचकांनी यावरून काही ठरवू नये, आपल्या शल्यचिकित्सकांना विचारावे.) एरवी या उतारावर यंत्राने तयार केलेला बर्फच पुष्कळ असतो. त्यामुळे आकाशातून रात्रभर कोरडे, भुकटीसारखे हिम पडले की त्या गावात सण असल्यासारखे वातावरण होते. त्याला ते ‘पावडर डे’ म्हणतात. असा दिवस आमच्या मुक्कामात उजाडला.

सकाळी उठून पाहतो तो दारापुढे वीतभर हिम. घरच्यांना मदत करावी म्हणून मी फावडे उचलले, ते मुलीने तत्काळ काढून घेतले. तिचे बरोबर होते. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, रक्तदाब चढलेला असतो. त्यात हातांनी जोर लावून, श्वास रोखून ओझे उचलले की हृदयावर एकाएकी ताण येतो. हिम उपसताना हृदयविकाराचा झटका येणारी माणसे तिकडे दर हिवाळ्यात असतात.

शाळेला सुट्टी मिळाली होती. नातू टेकडीवर निघाला, तशी पत्नी म्हणाली, “मीही येते.” मी नको म्हटले. बाहेर उणे नऊ अंश तापमान, निसरडी वाट आणि एकदा मोडलेले मनगट. ती शांतपणे मोजे चढवत राहिली.

मग तयारी मीच केली. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि अंग गारठते. लोकरीचे पातळ थर एकावर एक चढवले. नाकातोंडावरून मफलर घेतला, म्हणजे छातीत जाणारी हवा थोडी उबदार होते. दम्याच्या रुग्णांनी हे विसरू नये. माझे इन्सुलिन आतल्या खिशात ठेवले, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आणि गडद चष्मा. कोरडी वाळू सूर्याची अतिनील किरणे सुमारे पंधरा टक्के परावर्तित करते, समुद्राचा फेस पंचवीस टक्के, ताजे हिम मात्र ऐंशी टक्क्यांपर्यंत. आपल्या किनाऱ्यावर डोळे दिपतात. तेथे ते अक्षरशः भाजू शकतात.

गाडीतून उतरताच मी सवयीने पत्नीचा दंड धरला. चार पावले गेली आणि ती थांबली. “अहो, हात सोडा. गाळात कुणी असं धरून चालतं का?”

तिचे माहेर सातपाटीचेच. लहानपणी ओहोटीला ती खाडीच्या गाळात निवट्या धरायला जात असे. गाळात गुडघे किंचित वाकवायचे, पाऊल लहान आणि सपाट टाकायचे, भार पुढच्या पायावर आणि हात मोकळे, हे तिच्या पायांना ठाऊक होते. तिकडचे लोक बर्फावर चालताना नेमके हेच करायला सांगतात, पेंग्विनसारखे चाला म्हणतात. दुसऱ्याने दंड पकडला की तोल सावरायला लागणारा हातच अडकतो. आधार हवा असेल तर वृद्ध व्यक्तीने आपला कोपर धरावा. आपण तिला धरू नये. हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेन!

मी हात सोडला. वाहनतळापासून पायथ्याच्या उपाहारगृहापर्यंत दोनेकशे पावले असतील. ती चालली, मी मागून. ताजे कोरडे हिम पायाखाली दबते, त्यामुळे ते वाटते तितके घसरडे नसते. भीती असते ती त्याखाली दडलेल्या जुन्या बर्फाच्या काचेसारख्या थराची. तो थर तिला दाराशी भेटला. ती बसली, अगदी अलगद, मांडीभर हिमात.

मी धावलो. मुलीने मला अडवले. “बाबा, थांबा. आधी तिला लागलंय का विचारा.” लागले नव्हते. पत्नी कुशीवर वळली, हातागुडघ्यांवर आली, शेजारच्या बाकावर हात ठेवला, बळकट पाय पुढे घेतला आणि उठली. डोक्यावरचे हिम झटकून हसू लागली. दोन वर्षांत तिला जमिनीवरून स्वतः उठताना मी पाहिले नव्हते. उठायला शिकवलेही नव्हते. पडू नकोस एवढेच सांगत आलो होतो.

येथे सावधगिरीचे दोन शब्द. पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून झटक्यात उचलू नये. जांघेत वेदना असेल, पाय टेकवत नसेल किंवा तो आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा आणि हलवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे.

आत कॉफी पिताना शेजारी एक आजोबा स्कीचे बूट आवळत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पडता का, असे मी विचारले. “दर वर्षी,” ते म्हणाले, आणि दोन्ही काठ्या घेऊन उताराकडे गेले. नातू घसरत खाली येई, तेव्हा पत्नी दर वेळी दाराबाहेर जाऊन उभी राहत होती.

सातपाटीला परतल्यावर माजघरात गादी घालून आम्ही दोघेही आता उठण्याचा सराव करतो. शेजारी जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असते. तिचे हाडांच्या घनतेचे मोजमापही करून घेतले. ते खरे तर मनगट मोडले तेव्हाच करायला हवे होते.

सकाळी बाजारात ती स्वतः जाते. फरशी ओली असते, माशांच्या पाण्याने बुळबुळीत झालेली. मी दोन पावले मागे असतो. परवा सरंग्याच्या भावावरून तिने अशी घासाघीस केली, की कोळीण मावशीच म्हणाल्या, “बाय, इतके दिवस कुठं होतीस?” पिशवी मात्र तिने माझ्याकडे दिली. तिला हात मोकळे लागतात.