विश्लेषण : नाराज इसाकला न्यूकॅसलने विकायचे होते की ठेवून घ्यायचे? ११ कोटी पौंड नाकारण्यामागचे गणित काय?

सेंट जेम्स पार्कवर ऑगस्ट २०२५ मध्ये एका सोमवारी रात्री झालेल्या सामन्यात न्यूकॅसलचे दहाच खेळाडू उरले होते आणि संघ ०-२ असा पिछाडीवर होता. तरीही त्यांनी लिव्हरपूलला २-२ असे गाठले. मात्र १००व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या अवघ्या १६ वर्षांच्या रिओ एन्गुमोहाने गोल केला आणि न्यूकॅसलने सामना ३-२ असा गमावला. या सामन्यात सर्वाधिक चर्चा झाली ती मैदानात नसलेल्या खेळाडूची. न्यूकॅसलचा तेव्हाचा स्वीडिश आघाडीपटू अलेक्झांडर इसाक याला याच लिव्हरपूलकडे जायचे होते आणि त्या हंगामात तोवर तो न्यूकॅसलकडून एकही सामना खेळलेला नव्हता. खेळाडूंच्या हस्तांतरणाची मुदत १ सप्टेंबरला संपणार होती. त्याआधी न्यूकॅसलला निर्णय घ्यायचा होता. खेळण्यास राजी नसलेल्या सर्वोत्तम खेळाडूला विकायचे, की कराराकडे बोट दाखवून थांबवून ठेवायचे?

नेमका वाद काय?

जुलैमध्ये न्यूकॅसलचा संघ सिंगापूर आणि दक्षिण कोरियाच्या सराव दौऱ्यावर गेला, तेव्हा इसाक सोबत नव्हता. मांडीच्या किरकोळ दुखापतीचे कारण देण्यात आले. त्यानंतर तो स्पेनमध्ये रेआल सोसिदाद या आपल्या जुन्या क्लबच्या केंद्रावर एकट्याने सराव करत असल्याचे समोर आले. १ ऑगस्टला लिव्हरपूलने त्याच्यासाठी ११ कोटी पौंडांचा, म्हणजे सुमारे १३०० कोटी रुपयांचा प्रस्ताव दिला. न्यूकॅसलने तो लगेच फेटाळला. ब्रिटिश माध्यमांच्या वृत्तानुसार क्लबची अपेक्षा १५ कोटी पौंडांची होती.

इसाक इंग्लंडला परतला, पण त्याला संघापासून वेगळा सराव करावा लागला. संघासोबत सराव करण्याचा हक्क मिळवावा लागतो, अशी भूमिका प्रशिक्षक एडी हाऊ यांनी घेतली. १९ ऑगस्टला, व्यावसायिक फुटबॉलपटू संघटनेच्या वर्षातील सर्वोत्तम संघात निवड झालेली असतानाही इसाक पुरस्कार सोहळ्याला गेला नाही. त्याच रात्री त्याने इन्स्टाग्रामवरून क्लबवर आश्वासने मोडल्याचा आरोप केला. विश्वास संपल्यावर हे नाते पुढे जाऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या उन्हाळ्यात जाऊ देण्याचे आश्वासन क्लबच्या कोणत्याही अधिकाऱ्याने दिले नव्हते, असे उत्तर न्यूकॅसलने दिले. परतायचे असल्यास त्याचे स्वागतच होईल, असेही क्लबने म्हटले.

इसाक इतका महत्त्वाचा का?

२०२४-२५ च्या हंगामात इसाकने प्रीमियर लीगमध्ये २३ गोल केले. त्याच्या पुढे फक्त लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह (२९ गोल) होता. न्यूकॅसलने लीगमध्ये एकूण ६८ गोल केले. म्हणजे संघाचा जवळपास प्रत्येक तिसरा गोल एकट्या इसाकचा होता. मार्च २०२५ मध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्धच त्याने गोल केला आणि न्यूकॅसलने १९५५ नंतर प्रथमच देशांतर्गत मोठा चषक जिंकला. संघ लीगमध्ये पाचवा आला आणि चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला.

तो नसण्याचा परिणाम लगेच दिसला. पहिल्या सामन्यात ॲस्टन व्हिलाचे दहा खेळाडू उरलेले असूनही न्यूकॅसलला गोल करता आला नाही आणि लढत ०-० अशी सुटली. इसाकच्या जागी खेळवण्यात आलेला अँथनी गॉर्डन मूळचा विंगर आहे. तोही लिव्हरपूलविरुद्ध लाल कार्ड मिळाल्यामुळे तीन सामन्यांसाठी बाहेर झाला.

मालक श्रीमंत, मग खेळाडूला का जायचे होते?

न्यूकॅसलची बहुतांश मालकी २०२१ पासून सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे आहे. त्यामुळे क्लबकडे पैशाला तोटा नाही, असा समज आहे. पण मालकाकडे पैसा असणे आणि तो क्लबला खर्च करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत असे. या नियमभंगासाठी २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले होते. तीच वेळ टाळण्यासाठी न्यूकॅसलला जून २०२४ मध्ये इलियट अँडरसन आणि यांकुबा मिंटे हे दोन तरुण खेळाडू घाईने विकावे लागले.

म्हणजे खर्चाची मर्यादा शेवटी उत्पन्नावर ठरते. २०२३-२४ मध्ये न्यूकॅसलचे उत्पन्न सुमारे ३२ कोटी पौंड होते, तर लिव्हरपूलचे सुमारे ६१ कोटी. पगार आणि जेतेपदाची संधी या दोन्ही बाबतींत लिव्हरपूल पुढे असण्याचे मूळ या आकड्यांत आहे. २१ सप्टेंबर २०२५ रोजी इसाक २६ वर्षांचा होणार होता. आघाडीपटूच्या कारकीर्दीतील हीच सर्वोत्तम वर्षे असतात.

कागदावरचे गणित काय सांगते?

न्यूकॅसलने ऑगस्ट २०२२ मध्ये इसाकला सुमारे ६.३ कोटी पौंडांना घेतले आणि सहा वर्षांचा करार केला. हिशेबाच्या वहीत ही किंमत सहा वर्षांत समान वाटली जाते, म्हणजे दरवर्षी १.०५ कोटी. तीन वर्षांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, वहीत त्याची किंमत ३.१५ कोटी पौंड उरली होती. त्याला ११ कोटींना विकले, तर ७.८५ कोटींचा नफा त्याच वर्षात दिसतो. दुसरीकडे, त्या पैशातून ६ कोटींचा नवा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वार्षिक खर्च १.२ कोटीच दिसतो. विक्रीचा मोह होतो तो यामुळे.

पण हेच गणित एक वर्ष पुढे नेऊन पाहू. पुढच्या उन्हाळ्यात इसाकची वहीतील किंमत २.१ कोटींवर आली असती. तेव्हा करार दोनच वर्षांचा उरल्याने बाजारभाव कमी झाला असता. समजा तो १० कोटींना विकला गेला असता, तर नफा ७.९ कोटी, म्हणजे लिव्हरपूलच्या त्या प्रस्तावाइतकाच. हातात येणारी रक्कम एक कोटीने कमी असती आणि वर्षभराचा पगारही द्यावा लागला असता, पण त्या बदल्यात एक पूर्ण हंगाम तो संघात असता. म्हणजे ‘आत्ता विकले नाही तर मोठे नुकसान’ हा युक्तिवाद ११ कोटींच्या प्रस्तावाला तरी लागू होत नव्हता. मात्र त्यासाठी तो खेळणे आणि तंदुरुस्त राहणे आवश्यक होते.

खेळाडू स्वतः करार मोडू शकतो का?

इसाकचा न्यूकॅसलशी करार २०२८ पर्यंत होता आणि त्यात तेव्हा तीन वर्षे शिल्लक होती. फिफाच्या नियमावलीतील कलम १७ नुसार २८ वर्षांचा होण्यापूर्वी करार केलेल्या खेळाडूसाठी पहिली तीन वर्षे ‘संरक्षित काळ’ असतात. त्यानंतर भरपाई देऊन तो करार संपवू शकतो आणि त्याच्यावर खेळण्याची बंदी येत नाही. स्कॉटलंडच्या अँडी वेबस्टरने २००६ मध्ये हाच मार्ग वापरला होता. पण त्यासाठी हंगामातील शेवटच्या सामन्यानंतर १५ दिवसांत क्लबला कळवावे लागते. त्यामुळे ऑगस्टमध्ये हा मार्ग बंद होता. त्या वेळी कायद्याची बाजू न्यूकॅसलची होती. पुढच्या उन्हाळ्यात मात्र ती इतकी भक्कम नसती.

ठेवून घेतले तर काय होते?

याची उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. २०१३ मध्ये लुइस सुआरेझला लिव्हरपूल सोडून आर्सेनलकडे जायचे होते. लिव्हरपूलने ठाम नकार दिला. पुढच्या हंगामात सुआरेझने लीगमध्ये ३१ गोल केले आणि संघ दुसरा आला. २०२१ मध्ये टॉटनहॅमने हॅरी केनला मँचेस्टर सिटीकडे जाऊ दिले नाही. त्या हंगामातील लीगमधील पहिल्या गोलसाठी केनला १७ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले, पण हंगामअखेर त्याच्या नावावर १७ गोल होते आणि टॉटनहॅम चौथे आले. दोन वर्षांनी तो सुमारे १० कोटी युरोंना बायर्न म्युनिककडे गेला.

उलट उदाहरण विल्फ्रेड झाहाचे. २०१९ मध्ये त्याने क्रिस्टल पॅलेसकडे क्लब सोडण्याची मागणी केली. पॅलेसने ती मान्य केली नाही. २०२३ मध्ये करार संपला आणि झाहा गलातासरायकडे गेला, तेव्हा पॅलेसच्या हाती एक पौंडही आला नाही.

विकले तर काय होते?

लिव्हरपूलने २०१७ च्या उन्हाळ्यात फिलिपे कुटिन्होला बार्सिलोनाकडे जाऊ दिले नाही. जानेवारी २०१८ मध्ये त्याला बोनससह सुमारे १४.२ कोटी पौंडांना विकले, तेही व्हर्जिल व्हॅन डाइकचा करार पक्का झाल्यावर. उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन आला. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये लीग जेतेपद मिळाले. याच लिव्हरपूलने २०१४ मध्ये सुआरेझला विकून आलेला पैसा अनेक खेळाडूंवर विभागून खर्च केला होता, पण त्याच्या तोडीचा आघाडीपटू मिळाला नाही. लीगमधील गोल १०१ वरून ५२ वर आले आणि संघ सहावा राहिला.

न्यूकॅसलचा स्वतःचा अनुभवही आहे. जानेवारी १९९५ मध्ये केव्हिन कीगन यांनी अँडी कोलला मँचेस्टर युनायटेडला विकले. आदल्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल करणारा खेळाडू गेल्याने चाहते इतके संतापले की, कीगन यांना स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभे राहून उत्तर द्यावे लागले. पर्यायी खेळाडू लगेच आला नाही आणि संघ त्या वर्षी सहावा आला. उन्हाळ्यात लेस फर्डिनंड आला, त्याने पुढच्या हंगामात २५ गोल केले आणि न्यूकॅसल जेतेपदाच्या अगदी जवळ पोहोचले.

न्यूकॅसलची खरी अडचण कोणती?

खरी अडचण पर्यायाची होती. कॅलम विल्सन करार संपल्याने क्लब सोडून गेला. तेव्हा संघात मूळचा आघाडीपटू म्हणून फक्त २२ वर्षांचा विल्यम ओसुला होता. त्या सामन्यातील बरोबरीचा गोल त्याचाच होता, पण संपूर्ण हंगामाचा भार त्याच्यावर टाकणे कठीण होते. न्यूकॅसलने जाओ पेड्रो, ह्युगो एकिटिके आणि बेंजामिन शेश्को यांच्यासाठी प्रयत्न केले. ते अनुक्रमे चेल्सी, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडकडे गेले. त्या सामन्यात लिव्हरपूलचा दुसरा गोल करणारा हाच एकिटिके होता. ब्रेंटफर्डच्या योआन विसासाठीचे प्रयत्नही तोवर फळाला आलेले नव्हते.

त्यात निर्णय घेणारेही बदलले होते. सहमालक अमांडा स्टॅव्हली २०२४ मध्ये बाहेर पडल्या. क्रीडा संचालक पॉल मिचेल जून २०२५ अखेर गेले आणि त्यांची जागा तेव्हा रिकामी होती. इसाक म्हणत होता ती आश्वासने कोणी आणि नेमकी काय दिली, हा वाद म्हणूनच मिटत नव्हता.

मग विकावे की नाही?

फुटबॉलमध्ये नाराज खेळाडूला विकल्यामुळे क्लब बुडाल्याचे क्वचितच दिसते. त्याची जागा भरण्याआधी विकल्याने हंगाम वाया गेल्याची उदाहरणे मात्र बरीच आहेत. त्यामुळे ११ कोटी की १५ कोटी, यापेक्षा १ सप्टेंबरला रात्री विंडो बंद होईल तेव्हा न्यूकॅसलच्या संघात किमान एक, शक्यतो दोन तयार आघाडीपटू असतील का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. ते येणार असते, तर मोठी किंमत घेऊन इसाकला जाऊ देणे शहाणपणाचे ठरले असते. तीन वर्षांचा करार शिल्लक असताना क्लबची सौदा करण्याची जी ताकद होती, ती पुन्हा तेवढी नसती.

पर्याय मिळणार नसता, तर चॅम्पियन्स लीगच्या किमान आठ सामन्यांसह भरगच्च हंगामात एकट्या ओसुलावर विसंबणे धोक्याचे होते. तेव्हा इसाकला ठेवून घेणे योग्य, पण केवळ कराराचा धाक दाखवून नाही. पुढच्या उन्हाळ्यात किती रकमेला सोडणार, हे त्या वेळी लेखी ठरवावे लागले असते. तोंडी आश्वासनांवरून काय घडते, हे न्यूकॅसलने तो महिनाभर पाहिले होते. शिवाय ब्रुनो गिमारेस, सँड्रो टोनाली आणि गॉर्डन हे सारे पाहत होते. सरावाला न येता हवा तो सौदा मिळतो, असा अर्थ त्यांनी काढला असता, तर पुढचा वाद फार दूर नसता. तेव्हा हातात मोजकेच दिवस होते आणि पर्यायी आघाडीपटूची किंमत मात्र दररोज वाढत होती. कारण न्यूकॅसलची गरज तेव्हा प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक होती.