घरी विजेच्या भांड्यात बिअर बनवली तर गुन्हा होतो का?

स्टीलचं मोठं भांडं, तळाशी विजेची कॉइल, बाजूला तापमान दाखवणारा डिजिटल कंट्रोलर आणि आत उकळणारं जवाचं पाणी. परदेशातल्या गॅरेजमध्ये बिअर बनवणाऱ्यांचे असे व्हिडिओ आता बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या मोबाइलवरही दिसतात. भांडं, कॉइल, कंट्रोलर सगळं ऑनलाइन मिळतं. मग प्रश्न येतोच: विकायची नाही, फक्त स्वतःपुरती बनवायची, तर त्यात गुन्हा कसला?

महाराष्ट्रातलं उत्तर सरळ आहे. परवान्याशिवाय बनवली तर गुन्हा आहे, मग ती एक बाटली का असेना.

हे भांडं नेमकं करतं काय?

मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यात स्टार्चची साखर होते. मग पाणी गाळून, त्यात हॉप्स टाकून ते तासभर उकळतात. थंड झाल्यावर यीस्ट घालतात आणि एक-दोन आठवडे आंबू देतात. ६५ अंशांचं तापमान गॅसवर सांभाळणं कठीण जातं. विजेच्या भांड्याचं आकर्षण तिथेच आहे: आकडा लावायचा, बाकीचं काम कंट्रोलर करतो.

२० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण पावणेदोन युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी पाऊण ते एक तास लागतो. पुढची तासभराची उकळी धरली तर एका खेपेला चारेक युनिट. म्हणजे वीजबिलाची अडचण मोठी नाही. पाण्यातली कॉइल, ओले हात आणि घरात नीट नसलेलं अर्थिंग, हा धोका मात्र खरा आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेनुसार दारूचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक आणि विक्री हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. राज्यात गावोगावी दुकानं आणि बार असले, तरी या कायद्याचा पाया 'बंदी' हाच आहे. कलम १२ नुसार दारू बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं सगळंच मना आहे. परवाना किंवा परमिट म्हणजे त्या बंदीतून मिळालेली सूट. कायद्याच्या व्याख्येत 'दारू' म्हणजे फक्त देशी-विदेशी नव्हे. बिअर, वाइन, ताडी आणि अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव्य त्यात येतं.

कलम ६५ आणखी पुढे जातं. दारू बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणं बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास व दंडाची शिक्षा आहे. इथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. विजेचं भांडं घरात असणं गुन्हा नाही. त्याच भांड्यात माल्ट आंबत असेल, तर गोष्ट बदलते.

'पण माझ्याकडे परमिट आहे'

राज्यात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं ही वयाची अट आहे. पिण्याचं परमिट घेतलं की दारू विकत घेता येते, जवळ ठेवता येते आणि पिता येते. बनवण्याची मुभा त्यात नाही. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिथे जागेवरच बिअर बनते, पण तो परवाना असलेला व्यवसाय आहे. हौशी माणसासाठी वेगळी वाट कायद्याने ठेवलेली नाही.

इतर देशांनी ती ठेवली. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी करमुक्त बनवता येऊ लागली. विकायला मात्र तिथेही मनाई आहे.

बुलढाण्यात हा प्रश्न वेगळा का?

कारण इथे घरची दारू ही नवी हौस नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत आणि रानात मोहाची झाडं आहेत. 'मोहफुलाचा सडवा नष्ट, गावठी दारू जप्त' ही तिथली नेहमीची बातमी. डोंगरापलीकडच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळायला मर्यादित सूट आहे. शिवाय 'हेरिटेज दारू' म्हणून ती परवान्याने विकण्याचं धोरणही त्या राज्याने आणलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, पण दारू गाळण्यावरची बंदी कायम आहे. एकच फूल, एकच डोंगर, आणि राज्याची हद्द ओलांडली की कायदा वेगळा.

मग मुभा द्यावी का?

भीती विषबाधेची असते. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. धान्य आंबवून बनलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक जीव गेले, ते दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. ऊर्ध्वपातन करून दारू गाळण्यात मात्र आग आणि स्फोटाचा धोकाही असतो. म्हणून दारू गाळणं आणि बिअर आंबवणं यांना बहुतेक देश वेगळे नियम लावतात. आपला कायदा दोन्हींना एकाच मापाने मोजतो.

दुसरी बाजू घरातल्या बायकांची आहे. महाराष्ट्रात महिला मतदारांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, तर गावातलं परवानाधारक दुकान बंद होतं. हातभट्टीला हे मतदान लागू होत नाही, कारण ती मुळातच बेकायदा. तिच्याविरुद्ध बायकांना पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाचंच दार ठोठवावं लागतं. उद्या 'स्वतःपुरती' अशी मुभा आली, तर हौशी बिअरवाला कोण आणि भट्टीवाला कोण, हे छाप्याच्या वेळी ठरवायचं कसं? लिटरची मर्यादा घालता येईल, पण ती मोजायला घराघरांत जाणार कोण?

हौशी लोकांच्या मागणीला उत्तर देण्याआधी सरकारला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. तोवर शहरातल्या फ्लॅटमधलं चकाकणारं स्टीलचं भांडं आणि सातपुड्याच्या नाल्याकाठचा सडव्याचा ड्रम, कायद्याच्या नजरेत दोन्ही एकाच रांगेत आहेत. व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण माल्ट मागवण्याआधी एवढं माहीत असावं.