बझर वाजला... पुढे काय?

समुद्राचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मिठामुळे ते साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठतं. हे आपण बारावीपर्यंत कधीतरी शिकलो, मार्क घेतले आणि विसरलो. पण आइसलँड, नॉर्वे किंवा अलास्काच्या समुद्रात भर हिवाळ्यात मासेमारी करणाऱ्यांसाठी हा आकडा जगण्या-मरण्याचा आहे.

तिथे होतं काय, तर जोराच्या वाऱ्यात लाटा बोटीवर आपटतात आणि त्यांचे तुषार रेलिंगवर, दोरांवर, मास्टवर उडतात. हवा पुरेशी थंड असेल तर ते तिथेच गोठतात. याला फ्रीझिंग स्प्रे म्हणतात. एकावर एक थर चढत जातात. आता जरा मेकॅनिक्स आठवा! हे वजन बोटीच्या तळाशी नाही, वरच्या भागात वाढतंय. म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर सरकतो, मेटासेंट्रिक हाइट कमी होते आणि कललेली बोट सरळ व्हायला वेळ घेते. एक वेळ अशी येते की ती सरळ होतच नाही. म्हणून खलाशी हातोडे आणि कुऱ्हाडी घेऊन, डोलणाऱ्या डेकवर उभे राहून बर्फ फोडतात.

याचा अंदाज आधी बांधता येतो का? येतो. जेम्स ओव्हरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यासाठी एक सूत्र मांडलं. त्यात वाऱ्याचा वेग, हवेचं तापमान, समुद्राचं तापमान आणि पाण्याचा गोठणबिंदू टाकायचा, की बर्फ किती झपाट्याने चढेल ते कळतं. सूत्र अक्षरशः एका ओळीचं आहे. अमेरिकेची हवामान संस्था मच्छीमारांना फ्रीझिंग स्प्रेचा इशारा वेगळा देते.

मग प्रश्न सुटला? इथेच माझा मुद्दा आहे. इशारा देणं म्हणजे निम्मं काम. ज्याला तो मिळतो त्याला थांबण्याची मुभा आहे का आणि त्याच्या हातातली गणितं खरी आहेत का, हे उरलेलं निम्मं. आणि हे निम्मं आपण इंजिनीअर लोक दुसऱ्यावर ढकलून मोकळे होतो.

१९६८ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या हल बंदरातून निघालेल्या तीन मासेमारी बोटी एकामागून एक बुडाल्या. सेंट रोमॅनस, किंग्स्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलँड. एकूण ५८ माणसं गेली. तिसरी बोट तर वादळातून आसरा घ्यायला आइसलँडच्या एका खाडीत शिरली होती, आणि तिथेच ४ फेब्रुवारीला उलटली. तिच्यावरचा एकच जण वाचला. सेंट रोमॅनसवर तर रेडिओ ऑपरेटरच नव्हता! तिचा आवाज बंद झाल्यावर शोध सुरू व्हायला दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला. हवामानाची बातमी कितीही अचूक असो, ती ऐकायला आणि आपली खबर द्यायला स्वतंत्र माणूसच नसेल तर उपयोग काय?

हा प्रश्न कुणा तज्ज्ञाने लावून धरला नाही. तो लावून धरला खलाशांच्या घरच्या बायकांनी. लिलियन बिलोका ही मासळीच्या कारखान्यात काम करणारी बाई. तिने दहा हजार सह्या गोळा केल्या, रेडिओ ऑपरेटरशिवाय निघणाऱ्या बोटी अडवायला ती धक्क्यावर गेली आणि मेरी डेनेस, इव्हॉन ब्लेंकिन्सॉप, क्रिस्टीन जेन्सन यांच्यासोबत थेट लंडनला मंत्र्यांपुढे जाऊन बसली. प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवा, हवामानाचा अंदाज चांगला हवा, मदतीचं जहाज सोबत हवं. मागण्या साध्याच होत्या, आणि त्या मान्यही झाल्या. बिलोकाची मात्र नोकरी गेली, धमकीची पत्रं आली ती वेगळीच.

कुणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे, आता सॅटेलाइट आहेत. बरं, नवी घ्या. ३१ डिसेंबर २०१९ ला अलास्काजवळ स्कँडीज रोझ ही खेकडे पकडणारी बोट उलटली. सात जणांपैकी पाच गेले. फ्रीझिंग स्प्रेचा इशारा दिलेला होता. चौकशीत काय निघालं? बोट कशी लादायची हे सांगणारी स्टॅबिलिटीची पुस्तिकाच चुकीची होती. लोकांनी पुस्तिकेप्रमाणे बोट लादली होती. शिवाय लोखंडी पिंजऱ्यांच्या ढिगावर बर्फ प्रत्यक्षात कसं साचतं, हे नियमातल्या गणितात धड धरलेलंच नव्हतं. म्हणजे इशारा बरोबर आणि डिझाइनचा हिशोब चूक!

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. “कॅप्टनला कळायला नको? धोका माहीत असून गेलाच कशाला?” मला हे पटत नाही. मासळी मिळाली तरच ज्याच्या घरात पैसा येतो, त्याच्यासाठी इशारा म्हणजे नुसती माहिती नसते, बुडालेल्या कमाईची नोटीस असते. त्या कमाईची सोय कोण करणार हे न सांगता “जाऊ नका” म्हणणं सोपं आहे.

आता आपल्याकडे बघू. आपल्या प्रोजेक्ट प्रदर्शनात गॅस गळती, पूर, आग यांचे अलार्म नसतात असं वर्ष जात नाही. सेन्सर लावला, बझर वाजला, टाळ्या पडल्या, एक्सटर्नल खूश. तो बझर रात्री तीन वाजता कोण ऐकणार, ऐकून त्याला मशीन बंद करायचा अधिकार आहे का, आणि बंद केल्यावर नुकसान कुणाच्या पगारातून जाणार? व्हायवाला हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणही विचार करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक जादा पान सक्तीचं करा. त्यावर सर्किट नको, कोड नको. इशारा कुणाला मिळेल, तो काय करू शकेल आणि त्याला ते करू देणार कोण, एवढंच लिहायचं. आणि ते पान भरण्याआधी त्या जागी काम करणाऱ्या एका तरी माणसाशी बोलून यायचं. वॉचमन असेल, ऑपरेटर असेल, नाहीतर त्याच्या घरचं कुणी. डिपार्टमेंटने यासाठी दहा मार्क ठेवले तरी पुरे. दहा मार्कांसाठी आपण काय काय करतो हे मी वेगळं सांगायला नको!