झाडपालाच तर आहे!

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीत पाऊल टाकलं की आधी उटण्याचा वास येतो. आमच्या लहानपणी हे उटणं घरच्या उखळात कुटलं जायचं. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद आणि पत्र्यावर वाळवलेल्या संत्र्याच्या साली. आता पुडी मिळते. कुटायला कुणाला वेळ नाही, हे मलाही मान्य आहे. पण परवा मुलाने आणलेल्या पुडीच्या पाठीवर एक वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, म्हणून पूर्णपणे निरुपद्रवी.’ उटण्याशी माझं भांडण नाही. ते लावावं, वासही घ्यावा. माझं भांडण त्या ‘म्हणून’शी आहे.

हा ‘म्हणून’ आपल्या सीमाभागातल्या घराघरांत शिरला आहे. नायटा झाला, अंगावर पित्त उठलं, टाचा फुटल्या, की मराठी घरात म्हणतात, ‘झाडपालाच तर आहे! गुण नाही आला तरी अपाय तर नाही?’ शेजारच्या कन्नड घरात हेच कन्नडमध्ये म्हणतात. या दोन भाषांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वाक्य आजीच्या औषधांची बाजू घेणारं वाटतं, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. मला ते आजीचा अपमान करणारं वाटतं. ज्या पाल्याने काहीच बिघडत नाही, त्याने काही सुधारत असेल यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? माझी आजी चंदगडकडची, अक्षरशत्रू. पण ‘अपाय नाही’ असं ती एकाही मुळीबद्दल म्हणाली नाही. तिच्या फडताळात वरच्या फळीवर लेकरांचा हात पोचू नये म्हणून ठेवलेले डबे होते, आणि त्यांत सगळा झाडपालाच होता.

बिब्बा घ्या. कामात बिब्बा घालणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. हे फळ गरीब नाही हे आपल्या भाषेलासुद्धा ठाऊक आहे. त्याचं काळं तेल कातडीला लागलं की फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला ते वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, नेमकं कॉलरवरच्या खुणेच्या जागी पुरळ उठायचं, ते याच तेलाने. काजूच्या टरफलातलं तेल त्याच कुळातलं. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात ज्याने पाहिले आहेत त्याला अधिक सांगायला नको. तरी आजी फुटलेल्या टाचेला बिब्बा लावायची. कशी? आधी भेगेच्या कडेने तूप माखायची, मग बिब्बा सुईला टोचून पणतीवर धरायची आणि एकच थेंब भेगेत सोडायची. माझी मामी एकदा गडबडीत तूप न लावता तो उद्योग करून बसली, आणि पंधरा दिवस तिला पाय टेकवता आला नाही. मी आज कुणालाही बिब्बा लावा म्हणणार नाही. टाचांना कोकमाचं भिरंडेल पुरतं. रात्री लावून झोपावं. रुईच्या चिकाने पायातलं कुरूप काढणाऱ्यांना एवढंच सांगतो की तोच हात डोळ्याला लागला तर प्रकरण डोळ्यावर बेततं.

आमसुलाच्या पाण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. अंगावर पित्त उठलं की भिजवलेलं आमसूल चोळतात, गार वाटतं, खाज शमते. पण ओठ, जीभ सुजायला लागली, श्वास कोंडतोय असं वाटलं, तर आमसूल भिजेपर्यंतसुद्धा थांबू नये, गाडी काढावी. नागिणीचं तसंच. गेरू आणि तांदळाच्या पिठाचा लेप लावून लोक नागिणीला तोंड-शेपूट जुळवू द्यायची नाही म्हणून राखण करत बसतात, आणि ज्या पहिल्या ७२ तासांत गोळ्यांचा खरा उपयोग व्हायचा ते राखणीत जातात. कपाळावरची नागीण डोळ्यात उतरली तर दृष्टी जाऊ शकते.

आता गोव्याची एक गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची भुकटी नायट्यावर रामबाण म्हणून विकली जायची. लिंबाच्या रसात नाहीतर शिरक्यात कालवून लावायची. गुण खरोखर यायचा. डोळ्याला लागली तर डोळा सुजायचा आणि कपड्यावरचा डाग जन्मात जायचा नाही, पण नायटा हटायचा. ती कुठल्या झाडाची, हे मात्र विकणारा सांगायचा नाही. मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनी १८६४ मध्ये तिच्याकडे इंग्रज डॉक्टरांचं लक्ष वेधलं, तरी पुढची दहा वर्षं तिचं मूळ अंधारातच राहिलं. शेवटी ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी १८७४-७५ च्या सुमारास सांगितलं, की ही तर आमच्याकडची अरारोबा! तिकडच्या रानातल्या एका झाडाच्या खोडात, आतल्या चिरांमध्ये ही भुकटी साठते. पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली आणि गोव्याचं नाव लावून मुंबईत बसली. काजूने आणि मिरचीनेही हेच केलं. ‘आपल्या मातीतलं’ असं छातीवर हात ठेवून म्हणण्याआधी थोडं थांबावं म्हणून हे सांगितलं.

पण गोष्टीचा मला भावलेला भाग पुढचा आहे. गुपित फुटलं आणि औषधाचं भाग्य उघडलं. लंडनमध्ये बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांच्या एका रोग्याने सोरायसिसला नायटा समजून ही भुकटी लावली आणि चट्टे गेले. स्क्वायर यांनी चूक झाकली नाही, १८७६ च्या सुमारास ती छापून मोकळे झाले. भुकटीतून क्रायसारोबिन वेगळं काढलं गेलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ते मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तिथल्या लोकांनी त्याच्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार केलं. सोरायसिसवर ते आजही वापरतात, आणि किती टक्क्यांचं, किती मिनिटं लावायचं हे ठरलेलं असतं.

आणि त्या वेळी आपल्या कुंपणाला काय उगवत होतं? टाकळा. गोव्यात तायकिळो, कन्नडमध्ये तगचे. पहिल्या पावसात आपण त्याची भाजी खातो. त्याचं बी आंबट ताकात वाटून नायट्याला लावायची रीत जुनी. संस्कृतात त्याचं नावच दद्रुघ्न, दद्रूचा नाश करणारा. या बियांत जे क्रायसोफॅनॉल असतं ते गोवा पावडरीतल्या द्रव्याचं सख्खं भावंड. भावंड परदेशी जाऊन औषध झालं. आपला टाकळा कुंपणालाच राहिला, कारण आपण त्याला कुणी काही विचारलंच नाही.

विचारू द्यायची तयारीही नव्हती. ‘सांगितलं तर गुण जातो’ हे वाक्य खानापूरपासून काणकोणपर्यंत ऐकून घ्या. याच पट्ट्यातल्या माणसांनी एकदा याच्या अगदी उलट केलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथासाठी केरळातल्या इट्टी अच्युदन वैद्यांनी माहिती दिली, आणि त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. आपण काय सांगितलं याचं प्रमाणपत्र त्यांनी नागरी लिपीत आपल्या सह्यांनिशी दिलं आणि ते ग्रंथात छापलं गेलं. झाडाचं चित्र, त्याची अनेक भाषांतली नावं, उपयोग आणि खाली सही. तिघांचा गुण गेला असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

नावांचं हे काम आपल्याइतकं कुणाला जमलं असतं? दोन भाषांच्या काठावर राहणाऱ्याला ते करावंच लागतं. बाजारात ‘ब्राह्मी’ मागितली तर कन्नड बोलणारी बाई ओंदेलग देते, गोव्यात तिला एकपानी म्हणतात, आणि पोथीतली ब्राह्मी कित्येकांच्या मते भलतीच वनस्पती. निरगुडीला कन्नडमध्ये लक्की म्हणतात. माझ्या नातवाला ती लॉटरीतली वाटली. ज्या घरात आई मराठी बोलते आणि शेजारीण कन्नड, तिथे एका पानाची चार नावं एका वहीत सहज उतरली असती. उतरली नाहीत. म्हणून १९९५ मध्ये हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा ते उडवायला डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआरला जुने छापील कागद शोधावे लागले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आजीची हळद तिथे चालली नसती. कागदच लागला.

कडुनिंब आणि हळदीच्या लेपाचं खरजेवर तसंच एक काम झालं आहे. तमिळनाडूत ८१४ रुग्णांना तो लेप लावला आणि ९७ टक्क्यांना ३ ते १५ दिवसांत गुण आला, असं १९९२ मध्ये छापून आलं. यापुढे तुलनेचे मोठे प्रयोग व्हायला हवे होते. त्याऐवजी कडुनिंबाच्या साबणांच्या जाहिराती झाल्या.

पाल्याला नाक मुरडणाऱ्यांनी इतक्यात हसू नये. औषधाच्या दुकानात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून फैलावतो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर जो हट्टी नायटा पसरला, त्याची बुरशी आता नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद देत नाही. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं आपल्या देशाचं नाव मिळालं. असल्या १४ स्टेरॉइड मलमांवर २०१८ मध्ये सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. चिठ्ठी कोण मागतं, ते तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा. अंगभर पसरलेला असा नायटा टाकळ्याने जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आता जे सांगायला इतकी पानं घेतली ते सांगतो. १९९७ साली मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होतो. आठवीतल्या एका मुलाच्या कोपराखाली फिकट चट्टा होता. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, कारण गुरुजींच्या आजीला औषधं ठाऊक होती असं गावात बोललं जायचं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, बावचीचं तेल लावा आणि कोवळं ऊन द्या. पांढऱ्या डागांवर आजी बावचीच द्यायची. बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडीवर उन्हाचा परिणाम वाढतो, आणि ऊन जास्त झालं तर फोड येतात. म्हणून आजी शंभर आकडे मोजेपर्यंतच उन्हात बसवायची. तेही मी त्यांना नीट सांगितलं. मला वाटलं, केवढा काळजीपूर्वक सल्ला दिला!

दीड वर्षाने तो मुलगा दहावीत होता. पेन धरताना त्याची करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं राहतंय, हे मला उत्तरपत्रिका गोळा करताना दिसलं. तो डाग पांढऱ्या कोडाचा नव्हता, कुष्ठाचा होता. सरकारी गोळ्या फुकट मिळाल्या, रोग पुरता गेला. बोटं सरळ झाली नाहीत.

त्या रात्री मला आजीची केरसुणी आठवली. पांढरा डाग घेऊन कुणी आलं की ती आधी बावचीचा डबा काढायचीच नाही. त्याला डोळे मिटायला सांगायची, केरसुणीची एक काडी मोडायची आणि डागावर हलकेच टेकवायची. ‘लागालंय काय रे?’ लागतंय म्हणाला तर पुढे. गप्प बसला तर काडी चुलीत टाकून म्हणायची, ‘हे माझं काम न्हवं बाबा, दवाखान्यात जा.’ मी लहानपणी हे पन्नासदा पाहिलं होतं. मी औषध लक्षात ठेवलं आणि काडी विसरलो. ‘झाडपालाच तर आहे’ असं तेव्हा मीही मनात म्हटलंच असणार, नाहीतर काडी विसरलो नसतो.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. दर दिवाळीला फराळ घेऊन येतो, डबा दोन्ही हातांनी पुढे करतो. त्याने मला कधी काही म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. तिच्या गालावर पांढुरके डाग होते. ‘जंत असतील ना सर? आजीचं काही औषध...’ मी उठलो, केरसुणीची काडी मोडून आणली आणि तिला डोळे मिटायला लावलं. लागलं तिला, हसलीसुद्धा. तरी मी रिक्षा बोलावली आणि त्या दोघांबरोबर स्वतः दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली गाल पाहिला आणि म्हणाल्या, कातडी कोरडी पडली आहे, साधं खोबरेल लावत जा, हळूहळू जातील.