फेनहॅरेलच्या मागे कोण जातं?

बायोवेअरचा 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) आणि त्याचं शेवटचं प्रकरण 'ट्रेसपासर' (२०१५) अजून खेळायचं असेल, तर इथेच थांबा. पुढे सगळं फोडलंय.

तर, आपल्याच टोळीत सोलास नावाचा एक टकलू एल्फ जादूगार असतो. शांत, विद्वान. शेवटी कळतं की हाच एल्फांच्या दंतकथांमधला कपटी देव, फेनहॅरेल! आपलं जग आणि आत्म्यांचं जग यांच्यामधला पडदा हजारो वर्षांपूर्वी त्यानेच उभा केला आणि त्यात एल्फांचं अमरत्व गेलं. आता त्याला तो पडदा फाडायचाय. त्यात आजचं जग उद्ध्वस्त होईल हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि आपल्याच इन्क्विझिशनमधले एल्फ त्याच्यासाठी हेरगिरी करत असतात.

यावर खेळणाऱ्यांची ठरलेली प्रतिक्रिया: "मूर्ख आहेत लेकाचे!" मला हे अजिबात पटत नाही.

या एल्फांचं आयुष्य बघा ना. शहरात भिंतीआडच्या वस्तीत राहायचं, इतरांच्या घरी पडेल ते काम करायचं. टेव्हिंटरमध्ये तर सरळसरळ गुलामगिरी. अँड्रास्टेच्या बंडात साथ दिली म्हणून मिळालेली डेल्सची भूमी पुढे चँट्रीने धर्मयुद्ध पुकारून काढून घेतली. आणि आपण? आपण जग वाचवण्यात बिझी. सामान वाहणाऱ्या एल्फ नोकराचं नावसुद्धा विचारत नाही.

अशात एकजण येऊन म्हणतो, "तुम्ही मुळात असे नव्हतात." आणि गंमत म्हणजे त्याचं बरंचसं म्हणणं खरं आहे. देव म्हणून मिरवणाऱ्या जादूगारांविरुद्ध तो खरंच लढला, त्यांचे गुलाम त्याने खरंच सोडवले. डेलिश एल्फ चेहऱ्यावरचं जे गोंदण अभिमानाने मिरवतात ती मूळची गुलामीची खूण, हेही खरंच.

फसगत होते ती यानंतर. दुखणं अचूक ओळखलं म्हणून औषधही बरोबरच असणार, असं गृहीत धरलं जातं. आमच्या धंद्यात बग अचूक सांगितला म्हणून कुणाचा पॅच न तपासता लाइव्ह टाकत नाहीत. पण ज्याची तक्रार वर्षानुवर्षं 'आमच्याकडे तर सगळं नीट चालतंय' म्हणून बंद केली जाते, त्याला "मला दिसतोय तुझा बग" म्हणणारा पहिला माणूस भेटला, की तो रोलबॅक प्लॅन विचारत बसेल का?

खरं तर सोलासला एकच प्रश्न विचारायला हवा होता: पडदा पडल्यावर दुसऱ्या दिवशी माझं काय? त्याचा जीव अडकलाय जुन्या, अमर एल्फांत. समोर उभा असलेला एल्फ त्याच्या हिशेबात जेमतेमच. पण हा प्रश्न विचारायचं बळ, ज्याच्याकडे दुसरी एखादी जागा आहे, त्यालाच येतं. ती जागा देणं बाकीच्यांच्या हातात होतं. त्यांनी दिली नाही आणि वर अनुयायांच्या अकलेला हसले.

असो. २०२४ मध्ये पुढचा भाग आला, 'व्हेलगार्ड'. त्यात सोलास आहे, त्याचा पश्चात्ताप आहे. त्याच्या भरवशावर घरदार सोडून गेलेले एल्फ मात्र जवळपास कुठेच दिसत नाहीत. लिहिणारेही त्यांना विसरले बहुतेक.